अम्मीचा साधना कट

कपाळाबद्दल आपल्याकडे फार बोललं जातं. कपाळी लिहिलेलं टळत नाही, कपाळाला हात लावायची पाळी येते, कुणी कपाळकरंटा निघतो. आमच्या घरात कपाळाला पेशानी म्हणतात आणि नशीब तिच्यावरही लिहिलेलं असतंच. मी आज सांगणार आहे ते मात्र कपाळावर येणाऱ्या केसांबद्दल. मराठीत त्यांना झुलपं म्हणतात, पार्लरमध्ये फ्रिंज किंवा बँग्ज. आणि माझ्या किंवा माझ्या आधीच्या पिढीतल्या बाईला विचाराल तर ती एकच नाव सांगेल, साधना कट.

गोष्ट २०२४ सालच्या दिवाळीनंतरची. आमच्या भंडारा जिल्ह्यात ते मंडईचे दिवस असतात, गावोगाव दंडार आणि नाटकं चालू असतात. माझी अम्मी तेव्हा ७७ वर्षांची होती. त्याआधी दोन वर्षं तिला स्तनाचा कर्करोग निघाला होता. नागपूरला शस्त्रक्रिया झाली, मग दर एकवीस दिवसांनी केमो. पहिल्या केमोनंतर तिसऱ्या आठवड्यात तिच्या उशीवर केसांचे पुंजके दिसायला लागले. कमरेपर्यंतचे, मेंदीने तांबूस झालेले केस होते तिचे. अम्मी रडली नाही. तेलाची बाटली तेवढी फळीवरून काढून ठेव म्हणाली, समोर दिसायला नको.

उपचार संपल्यावर केस परत आले. पण आले ते पांढरेशुभ्र, रेशमासारखे मऊ आणि चक्क कुरळे! जन्मभर जिचे केस सुतासारखे सरळ, तिच्या डोक्यावर हे वेगळंच पीक. डॉक्टर म्हणाले, केमोनंतर पुष्कळांचं असं होतं. केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटीमीटर वाढतात, त्या हिशेबाने दीड वर्षात मानेपर्यंत पोहोचले. मागे शेपटी, बाजूला पिसारा आणि पुढून डोळ्यांत बटा.

मग घरात बैठक बसली. भाई म्हणाला, वाढू द्या, अजून वर्षभरात वेणी येईल. खाला म्हणाली, ओढणीखाली कोण बघतं. आमच्या घरची बोली म्हणजे हिंदी-उर्दू-मराठीची खिचडी. त्या खिचडीत अम्मी शांतपणे म्हणाली, "साल भर? मेरे पास है क्या साल?" कुणी काही बोललं नाही. मग तीच म्हणाली, बॉब करायचा आहे. आणि समोर साधना कट.

मी हसले. ही कबुली दिलेली बरी. बाईच्या मनाबद्दल कविता लिहिणारी मी, आईची पहिली हौस ऐकली आणि हसले. वर शहाणपण सांगितलं, "अम्मी, पुढचे केस मागे घेऊ या ना. तुझं कपाळ मोकळंच छान दिसतं." तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

मला १९७९ साल आठवलं. मी दहा वर्षांची होते. वर्गातल्या दोघी-तिघी साधना कट करून आल्या होत्या. मी घरी येऊन हट्ट धरला. एरवी हात न उगारणाऱ्या अम्मीने मला एक थप्पड मारली, डोक्यावर तेल थापलं आणि दोन वेण्या इतक्या घट्ट घातल्या की भुवया ताणल्या गेल्या. लाल रिबिनी, वर बांधलेल्या. दहावीपर्यंत त्या सुटल्या नाहीत. पुढे २००३ मध्ये 'तेरे नाम' आला आणि गल्लीतल्या निम्म्या पोरांनी मधोमध भांग पाडून केस कानांवर सोडले. माझ्या पुतण्यानेही सोडले. त्याला कुणी मारलं नाही. भाईनेच न्हाव्याचे पैसे दिले.

आता या कटाचं नाव जिच्यावरून पडलं तिच्याबद्दल दोन शब्द. साधना शिवदासानी, कराचीत १९४१ साली जन्मलेली सिंधी मुलगी. १९६० साली 'लव्ह इन शिमला' आला. दिग्दर्शक आर. के. नय्यर. साधनाचं कपाळ रुंद होतं आणि पडद्यावर ते जास्तच रुंद दिसायचं. नय्यर यांच्या डोळ्यांसमोर ऑड्री हेपबर्न होती, तिच्या कपाळावरची ती झुलपं होती. तसेच केस साधनाचे कापले गेले आणि झाकायला म्हणून केलेली युक्ती देशभरच्या मुलींची हौस झाली. त्याच वर्षी बिमल रॉय यांच्या 'परख'मध्ये ती साधी खेड्यातली मुलगी होती, पण लोकांनी ध्यानात ठेवली ती शिमल्याची. त्या चित्रपटात चष्मेवाल्या, कुणी न विचारणाऱ्या नातीचं रूप पालटायला मदत करते तिची आजी. आजी झाल्या होत्या आपल्या दुर्गाबाई खोटे. उतारवयात साधना कॅमेऱ्यापासून दूरच राहिली. २०१४ मध्ये मात्र कर्करोग आणि एड्सच्या रुग्णांसाठीच्या एका कार्यक्रमात ती रॅम्पवर चालली. पुढच्याच वर्षी २५ डिसेंबरला ती गेली.

खात रोडवरच्या एका छोट्या पार्लरमध्ये मी अम्मीला घेऊन गेले. चालवणारी मुलगी साकोलीकडची, पंचविशीची. तिला साधना ठाऊक नव्हती. अम्मीच्या केसांतून बोटं फिरवत ती म्हणाली, "आजी, आधी केस पाहू द्या जी. काहून घाई करता?" आणि तिने जे सांगितलं ते ऐकून मी चाटच पडले. मला वाटायचं, पुढचे केस भुवईशी कापले की झालं. तसं नसतं म्हणे. सरळ, दाट झालर हवी तर डोक्याच्या मधल्या भागातून केस पुढे ओढून आणावे लागतात. केस विरळ असले तर तेवढे बाजूंचे कमी होतात, बॉब चपटा पडतो आणि कपाळावर छत्री उघडल्यासारखी दिसते. केस दाट, सरळ आणि चेहरा लांबट असेल तर ही झालर शोभते. गोल चेहरा तिने आणखी आखूड दिसतो. गोल चेहऱ्याला तिरकी बरी, एका बाजूच्या भांगातून निघून पलीकडच्या भुवईकडे उतरणारी. तिसरी तऱ्हा मधून दुभंगून दोन्ही गालांकडे पडद्यासारखी जाणारी. ती वाढली तरी वाईट दिसत नाही, घाईने कात्री लावावी लागत नाही. बाकीच्यांना तीन-चार आठवड्यांनी छाटावंच लागतं.

शिवाय चष्मा. फ्रेमच्या वर केस टेकले की दिवसभर डोळ्यांशी गुदगुल्या. शिवाय आपला मे महिना. पारा ४५ च्या आसपास गेला की घामाने झुलपं कपाळाला चिकटतात. शिवाय भोवरा! अम्मीच्या कपाळाच्या डाव्या टोकाशी केसांचा एक भोवरा निघाला. तिथले केस म्हणाल त्या बाजूला वळत नाहीत, उलटेच उभे राहतात. (डोक्यात दोन भोवरे असले की दोन लग्नं होतात, असं आमच्याकडे म्हणतात. अम्मीचं एकच झालं, तेही तिला न विचारता.) मुलीचा सल्ला तिरक्या झुलपांचा पडला. भोवऱ्याच्या वळणाशी भांडण नको, म्हणाली.

"तिरकी नको," अम्मी म्हणाली, "साधनाची तिरकी होती का?"

मी मोबाइलवर साधनाचा फोटो काढून दिला. मुलीने तो बोटांनी मोठा करून पाहिला. "ही एवढी दाट नाही जी आजी. मधून कपाळ दिसते. हे जमून जाईल." मग तिने पाण्याची फवारणी उचलली आणि अम्मी खुर्चीत ताठ झाली.

"ओले नको. ओले करून कापू नको."

मुलीने फवारणी खाली ठेवली. कुरळे केस सुकेच कापायचे असतात हे तिलाही ठाऊक होतं, तिला फक्त मागचा गुंता सोडवायचा होता. पण अम्मी बोलायला लागली होती. आरशातल्या त्या परक्या मुलीला तिने जे सांगितलं, ते पंचावन्न वर्षांत मला कधी सांगितलं नव्हतं.

१९६२. तुमसरला मंडईच्या दिवसांत टुरिंग टॉकीजचा तंबू लागला होता. अम्मी आठवीत, आपल्या फुफीबरोबर 'लव्ह इन शिमला' पाहून आली. नाना शिंपीकाम करायचे. दुसऱ्या दिवशी न्हाऊन आल्यावर तिने त्यांची लोखंडी जड कात्री घेतली आणि हाताएवढ्या आरशात बघत ओले केस भुवयांशी कापले. सुकल्यावर ते बोटभर वर चढले आणि अर्ध्या कपाळावर कुंच्यासारखे उभे राहिले. नानीने तेल लावून ते चापून बसवले, वर रुमाल बांधला. नाना रागावले नाहीत. कात्री त्यांनी पेटीत ठेवली, कुलूप लावलं आणि म्हणाले, उद्यापासून शाळा नाही. केस चार-सहा महिन्यांत वाढले. शाळा पुन्हा उघडली नाही. १९६४ मध्ये लग्न.

"मग तू मला का मारलंस?" मी विचारलं. पार्लरमध्ये, त्या मुलीच्या देखत.

"तुझीही जाईल म्हणून." एवढंच.

मी बी.ए. झाले, मराठी वाङ्मय घेऊन. पदवीच्या दिवशी अम्मीने माझ्या डोक्यावर इतका वेळ हात का ठेवला होता, याचा मी कधी विचार केला नव्हता.

मुलीने नाक ओढलं आणि कामाला लागली. बॉब कानाच्या पाळीखाली बोटभर ठेवला. पुढचे केस भोवऱ्याच्या जरा मागून घेतले, म्हणजे वजनाने तो दबून राहील. आधी नाकाच्या उंचवट्यापर्यंतच कापले, सोडले, कुरळे होऊन वर चढू दिले, मग पुन्हा थोडे. कात्री आडवी न धरता उभी, टोकाने. कोपरे लांब ठेवून गालांशी बॉबमध्ये मिसळून दिले. "हालू नका जी," एवढंच अधूनमधून.

खुर्ची वळवली तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "काय महिरप जमली आहे!"

"मेहराब?" अम्मीने विचारलं.

शब्द तोच आहे. मशिदीत काबेच्या दिशेच्या भिंतीतला तो कमानदार कोनाडा, इमाम उभे राहतात तो. तिथून निघून तो मराठीत आला, वाड्यांच्या चौकटींवर बसला, गणपतीच्या मखरात शिरला आणि व्याकरणात महिरपी कंस झाला. चेहऱ्याभोवतीच्या केसांनाही मराठी माणूस महिरपच म्हणतो. मी हे सारं सांगितलं. अम्मीने आरशात डावीकडून, उजवीकडून पाहून घेतलं. "फिर तो कोई हरज नहीं," म्हणाली.

पण अडचण निघालीच. सजद्यात कपाळ जमिनीला टेकायला हवं आणि नमाजात बाईचे केस झाकलेले हवेत. ओढणी कितीही पुढे ओढली तरी त्या कुरळ्या बटा बाहेर डोकावायच्या. दुसऱ्या दिवशी तिने नातीच्या डब्यातून दोन टिकटॉक पिना उचलल्या. आता वुजू झाली की झुलपं वर घेऊन टिक-टिक पिना लागतात, नमाज झाली की निघतात. भाई पहिला आठवडाभर तिच्याशी खाली बघून बोलायचा. हल्ली तोच पार्लरवर सोडतो आणि बाहेर गाडीवर बसून राहतो. नागपूरची तपासणी आता सहा महिन्यांनी असते.

मध्यंतरी पावसाने पार्लरला जाणं लांबलं. झुलपं चष्म्यावर आली होती. अम्मी न्हाऊन खिडकीशी बसली होती. मी म्हटलं, आण, मीच छाटते जरासे, आणि घरातली कात्री घेऊन समोर उभी राहिले. तिने ती माझ्या हातातून काढून घेतली.

"थांब," म्हणाली, "अजून ओले आहेत."