झुडपं काढताना

आरे कॉलनीतल्या पाड्यांवर आता पावसाळ्याआधीची साफसफाई सुरू होईल. घराजवळची, नळाच्या नि संडासाच्या वाटेवरची झुडपं काढायलाच हवीत. २०२१ मध्ये इथे बिबट्याने माणसांवर हल्ले केले, ते विसरून कसं चालेल? पण लांबच्या बांधावर करवंदीच्या जाळीत बुलबुलाचं घरटं असतं. अंडी घातल्यापासून पिल्लं उडेपर्यंत जेमतेम महिना. तेवढे दिवस ती जाळी राहू द्या. टिटवी तर उघड्या जमिनीवरच ठिपक्यांची मातकट अंडी घालते, बहुधा चार. चटकन दिसतच नाहीत! म्हणून राब भाजण्याआधी खाचरातून एकदा चालून बघा. टिटवी डोक्यावर ओरडत फिरली, तर अंडी किंवा पिल्लं जवळच आहेत. तिथे काठी रोवा, गटातल्या बायांना सांगा आणि राब दुसऱ्या खाचरात भाजा.