ज्याच्यावर टीका, तो समोर असू द्या



आज सकाळच्या परिसंवादात एका वक्त्यांनी दुसऱ्या धर्माच्या ग्रंथातलं एक वचन वाचून दाखवलं. वाचलं ते मोबाइलवरून. त्याच्या मागेपुढे काय आहे, ते कुठल्या प्रसंगी आलं, त्या धर्मातले अभ्यासक त्याचा अर्थ कसा लावतात, यातलं काहीही त्यांनी सांगितलं नाही. तुम्ही टाळ्या वाजवल्या. नंतर चहाच्या वेळी संयोजकांपैकी काही जण मला भेटले आणि म्हणाले, पुढच्या वर्षीपासून धर्म हा विषयच नको. माझं भांडण दोघांशीही आहे.

आधी विषय टाळणाऱ्यांशी बोलतो. दुसऱ्याच्या धर्मावर टीका करता येते आणि ती करावी. जो धर्म साऱ्या माणसांसाठी सत्य सांगतो असं म्हणतो, त्याला कुठल्याही माणसानं प्रश्न विचारावा. 'सगळे धर्म एकच सांगतात' हे वाक्य आपण उद्घाटनात म्हणतो, समारोपातही म्हणतो. ते खरं नाही. पुनर्जन्म मानणारा आणि अंतिम निवाड्याचा दिवस मानणारा, मूर्तीत प्राणप्रतिष्ठा करणारा आणि मूर्तीपुढे झुकणं पाप मानणारा, जगाला निर्माता हवाच म्हणणारा आणि त्याची गरज नाही म्हणणारा बौद्ध, यांच्यात खरोखरीचा मतभेद आहे. तो झाकला की त्यांनी जन्मभर जे उराशी धरलं ते किरकोळ ठरतं. त्यापेक्षा सरळ विरोध करणारा माणूस मला जास्त आदर दाखवणारा वाटतो.

आता टाळ्या वाजवणाऱ्यांशी. आज या मंडपात त्या धर्माचा वक्ता होता का? त्याला उत्तराला पाच मिनिटं दिली होती का? नव्हती. मग तुम्ही ज्याला टीका म्हणता ती पाठीमागची कुचाळकी आहे.

आपल्याकडे हे असं नव्हतं. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात 'हिंदू-तुर्क संवाद' रचला. तो पुन्हा वाचा. त्यातला तुर्क, म्हणजे मुसलमान, बिचारा किंवा मूर्ख रंगवलेला नाही. पुराणातल्या देवांचं वर्तन तो उघडउघड काढतो, दगडात देव कसा म्हणून विचारतो. हिंदू त्याला विचारतो, देव सगळीकडे आहे तर तोंड एकाच दिशेला का? दोघंही एकमेकांना लागेल असं बोलतात. नाथांनी प्रतिपक्षाच्या तोंडी दुबळे आक्षेप घातले नाहीत. ज्या प्रश्नांनी आपल्याच श्रोत्यांना घाम फुटेल ते घातले. शेवटी दोघं एकमेकांना आलिंगन देतात, आणि ते सगळं बोलून झाल्यावर देतात. आपण नुसतं आलिंगन उचललं आणि आधीचं कडाक्याचं भांडण विसरलो.

दुसरं उदाहरण मुंबईचं. 1857 सालच्या सुरुवातीच्या महिन्यांत समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबावा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांच्यात जाहीर वाद झाले. विष्णुबावा म्हणजे विष्णू भिकाजी गोखले, जकात खात्यातली नोकरी सोडून संन्यस्त झालेला कुलाबा जिल्ह्यातला माणूस. समोर जॉर्ज बोवेन हे अमेरिकन मिशनरी होते. दोघंही आपापल्या मतावर ठाम, कुणी कुणाला सूट दिली नाही. पण वाद किनाऱ्यावर, लोकांच्या देखत, प्रतिपक्ष हजर असताना झाला. आणि त्याचा वृत्तांत पुस्तकरूपानं इंग्रजीत छापला तो बोवेन यांनीच. पुढे 1872 साली तो वाद मराठीतही छापून निघाला. विरोधकाचं म्हणणं छापण्याची ताकद आज आपल्या किती नियतकालिकांत आहे, हे इथे बसलेल्या संपादकांनी मला सांगावं.

आणि अभ्यासाची गोष्ट. जॉन म्यूर या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यानं 1839 साली हिंदू धर्मावर टीका करणारी 'मतपरीक्षा' लिहिली, ती संस्कृतात. ज्यांच्यावर टीका करायची त्यांच्या पंडितांच्या भाषेत लिहिली, म्हणजे त्यांनी ती वाचावी आणि खोडावी. तिला उत्तर देणाऱ्यांत काशीला वाढलेले, मराठी घरातले नीलकंठशास्त्री गोरे होते. त्यांनी 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहून ख्रिस्ती मताचा समाचार घेतला. पुढे 1848 साली तेच ख्रिस्ती झाले. तो निर्णय मला पटत नाही. पण ज्याला खोडायचं तेच शास्त्रीबुवांनी इतकं मन लावून वाचलं की स्वतः बदलण्याची जोखीम पत्करली, हे मला फार मोठं वाटतं. एवढी जोखीम घ्यायची तयारी नसलेल्यानं दुसऱ्याचा ग्रंथ खोटा ठरवू नये.

आणखी एक सवय मला संताप आणते. आपला धर्म मोजायचा ज्ञानेश्वर-तुकारामांवरून आणि त्यांचा मोजायचा रस्त्यावरच्या दंगलखोरांवरून. मुसलमानांवर टीका करताना मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंचं नाव घेणारे तर या राज्यात पुष्कळ. दलवाईंनी 1966 साली मुस्लिम महिलांचा मोर्चा काढला, 1970 साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं, स्वतःच्या समाजाचा रोष अंगावर घेतला. त्याच दलवाईंनी हिंदू जातीयवादावरही कठोर लिहिलं आहे. ती पानं उलटल्याशिवाय त्यांचं नाव घेण्याचा अधिकार कुणालाही नाही.

भावना दुखावल्या म्हणून पोलिसांत धावणाऱ्यांनाही सांगतो. 1927 साली दंडविधानात आलेलं 295 अ कलम आज न्याय संहितेत 299 व्या क्रमांकावर आहे. जाणूनबुजून, दुष्ट हेतूनं केलेल्या अपमानासाठी ते आहे. तुमच्या धर्माला विचारलेला अवघड प्रश्न त्यात बसत नाही. उत्तर असेल तर द्या, नसेल तर शोधा. सभा उधळणं हे उत्तर नाही.

संयोजकांना माझी विनंती आहे. पुढच्या वर्षी धर्म हा विषय ठेवाच. ज्या धर्मावर टीका होणार आहे त्याचा जाणता अभ्यासक त्याच व्यासपीठावर बोलवा. त्याला टीकाकाराइतकाच वेळ द्या आणि शेवटचं बोलणं त्याचं असू द्या. टीकाकारानं आधी त्या धर्माचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडावं; 'होय, आम्ही असंच मानतो' असं समोरच्यानं म्हटलं, तरच पुढे बोलावं. आणि रसिकहो, तोवर तुम्ही टाळ्या राखून ठेवा.