सड्यावरची चौकट



शाळेमागच्या सड्यावर आपण क्रिकेट खेळलो. 'नुसता कातळ, तिथं काय उगवतंय!' असं आपणच म्हणायचो. एम.एस्सी.ला पर्यावरणशास्त्र घेतलं आणि श्रावणात त्याच कातळावर एक मीटरची चौकट टाकून बसले. सीतेची आसवं! नाजूक, जांभळी, पण मातीखाली बारीक फुगे ठेवून सूक्ष्म जीव धरणारी, कारण त्या बोटभर मातीत नत्र फारसं नसतंच. कास पठार २०१२ साली पश्चिम घाटासोबत जागतिक वारसा यादीत गेलं. आपला सडा सातबाऱ्यावर 'पोटखराबा'.

बाई, तुम्ही विचारलं होतंत, हे शिकून करणार काय? तेव्हा उत्तर नव्हतं. गेल्या वर्षी आमच्या वाटणीचा सडा चिरेखाणीला द्यायचं ठरलं. मी सही केली नाही. दादा अजून बोलत नाही.