जोखीम कोणाच्या खात्यावर?



ऊर्जासुरक्षा म्हटले की होर्मुझची सामुद्रधुनी आठवते, तेलवाहू जहाजे आठवतात, युक्रेनचे युद्ध आठवते. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी 85 टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून येते, तेव्हा ते साहजिकच आहे. पण मी धाराशिवमध्ये बोलतो आहे. समोर बसलेल्यांपैकी अनेकांनी कधी ना कधी रात्री दोन वाजता उठून, हातात बॅटरी घेऊन, मोटार चालू करायला शेत गाठलेले असेल. त्यांच्यासाठी ऊर्जासुरक्षेचा प्रश्न होर्मुझपर्यंत जात नाही, बांधावरच भेटतो.

सरकारला ऊर्जेविषयी सल्ला देणे हा माझा व्यवसाय. लोक विचारतात, तुम्ही नेमके करता काय? किती वीज लागेल, कुठून येईल, काय भावाने पडेल याची कोष्टके आम्ही मांडतो, टिपणे लिहितो, ती नस्तीत जातात आणि कधीकधी नस्तीतच राहतात. पण या कामाचा खरा कस कोष्टकात लागत नाही. प्रत्येक अंदाज थोडाफार चुकतोच. तो चुकला की भुर्दंड कोणी भरायचा, हे धोरणात आधीच ठरलेले असते, फक्त ते ठळक अक्षरात लिहिलेले नसते. ते शोधून मंत्र्यांसमोर, सोप्या मराठीत, वेळेवर ठेवणे हे सल्लागाराचे काम.

यातला शब्द ‘वेळेवर’ किती महाग पडतो, ते महाराष्ट्राने एन्रॉनच्या वेळी पाहिले. डिसेंबर 1993 मध्ये राज्य वीज मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाची वीज घेण्याचा करार केला. वीज घेतली नाही तरी स्थिर आकार द्यायचा. पहिला टप्पा तेलजन्य इंधनावर चालणार, म्हणजे इंधनाचा भाव जागतिक बाजाराच्या हाती. देण्याचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला. रुपया घसरला तर मंडळाचे नुकसान, इंधन महागले तर मंडळाचे, मागणी वाढली नाही तरी मंडळाचेच. त्याच वर्षी जागतिक बँकेने हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही म्हणून कर्ज नाकारले होते. पुण्यात ‘प्रयास’ या अभ्यासगटाच्या गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडले होते. ऐकणारे होते, पण ते मंत्रालयाबाहेर होते. 1995 मध्ये सरकार बदलले, करार रद्द झाला आणि पुढच्याच वर्षी फेरवाटाघाटी होऊन आणखी मोठ्या प्रकल्पासाठी परत उभा राहिला. 1999 मध्ये 740 मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला. पुढे काही महिन्यांत ही वीज युनिटला सात रुपयांच्या पुढे गेली, कारण घेतलेल्या मोजक्या युनिटांवर सगळा स्थिर आकार बसत होता.

त्या वेळी मुख्यमंत्री होते शेजारच्या लातूरचे विलासराव देशमुख आणि ऊर्जामंत्री होते याच जिल्ह्याचे डॉ. पद्मसिंह पाटील. 2001 मध्ये सरकारने या प्रकल्पाच्या फेरतपासणीसाठी समिती नेमली. अध्यक्ष माधव गोडबोले. माजी केंद्रीय गृहसचिव म्हणून ते लोकांना ठाऊक असतात. पण ते पेट्रोलियम सचिव आणि राज्य वीज मंडळाचे अध्यक्षही होते, म्हणजे तेल आणि वीज दोन्ही आतून पाहिलेला माणूस. समितीत ई. ए. एस. शर्मा, किरीट पारीख, दीपक पारेख अशी माणसे होती. एप्रिलमध्ये अहवाल आला: वीज परवडणारी नाही, करार नव्याने ठरवा. आणि हे एका सरकारचे पाप नाही, एकामागून एक आलेल्या सरकारांचे आणि प्रशासनाचे अपयश आहे. सरकारनेच नेमलेल्या माणसाने सरकारला इतके स्वच्छ सांगण्याचे प्रसंग थोडे. पण करार तोवर आठव्या वर्षात होता. त्या टप्प्यावरचा सल्ला म्हणजे शवविच्छेदन. मे 2001 मध्ये मंडळाने वीज घेणे थांबवले, डिसेंबरात एन्रॉन कंपनीचेच दिवाळे निघाले.

आता तुमच्या उसाकडे येतो. आयात तेल कमी करायचे म्हणून पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचे 2030 चे उद्दिष्ट 2025 वर आणले गेले. राष्ट्रीय पातळीवर ते योग्यच. कारखान्यांनी व्याजसवलतीच्या भरवशावर कर्जे काढून प्रकल्प उभे केले. मग 2023 चा पाऊस हुकला, साखर कमी पडेल अशी भीती वाटली आणि 7 डिसेंबर 2023 रोजी उसाच्या रसापासून थेट इथेनॉल करण्यावर केंद्राने बंदी घातली. आठवडाभरात ती थोडी सैल झाली, पुढच्या ऑगस्टमध्ये उठलीही. पण कर्जाचे हप्ते आदेशाच्या तारखा बघून थांबत नाहीत. धोरण दिल्लीचे, अंदाज दिल्लीचा, फटका कारखान्याला आणि त्यामागोमाग उसाच्या बिलाला.

पाण्याचा हिशेब तर त्याहून कठीण. नीती आयोगाच्याच 2021 च्या आराखड्यानुसार उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे 2,860 लिटर पाणी जाते. हा जिल्हा पर्जन्यछायेतला. 2016 मध्ये मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा वाचलेल्या परकीय चलनाचा आकडा कळंबच्या विहिरीत कुठे दिसत होता? मका, तुटका तांदूळ यांपासून इथेनॉल वाढते आहे, ते माझ्या मते मराठवाड्यासाठी बरे आहे. ऊस लावू नका असे मी म्हणणार नाही. हमखास भाव आणि हमखास खरेदी दुसऱ्या कोणत्या पिकाला आहे, हे तुम्हीच मला विचाराल.

सौर कृषी वाहिनी योजनेबद्दल मी त्या मानाने आशावादी आहे. उपकेंद्राजवळ लहान सौर प्रकल्प आणि त्याची वीज थेट शेतीच्या फिडरवर. युनिट साधारण तीन रुपयांत पडते, तारांतली गळती वाचते आणि मुख्य म्हणजे थ्री फेज दिवसा मिळते. रात्रपाळीत साप, विंचू, ओल्या हाताने उघडलेला स्टार्टर हा धोका वर्षानुवर्षे शेतकऱ्याच्या खात्यावर होता. कोणत्याही विजेच्या बिलात तो कधी दिसला नाही. तो कमी करणारी योजना मला मोफत विजेच्या घोषणेपेक्षा मोलाची वाटते.

या योजनेत पडीक जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि दरवर्षी तीन टक्के वाढ आहे. बालाघाटावरच्या पवनचक्क्यांचे व्यवहार मात्र खाजगी. तिथली बरीच वीज दूरच्या कारखान्यांनी आधीच करारात बांधलेली असते आणि जागेचा भाव गावागणिक बदलतो. तेव्हा कंपनीचा माणूस कागद घेऊन आला, तर रक्कम बघण्याआधी पाच गोष्टी वाचा. करार किती वर्षांचा? भाडे दरवर्षी वाढते का? वीजवाहिनी वेळेत तयार झाली नाही तरी भाडे सुरू होते का? कंपनी विकली गेली तर नवा मालक बांधील आहे का? आणि मुदत संपल्यावर जमिनीतले काँक्रीट कोणी काढायचे? पाचवा प्रश्न विचारला की समोरचा माणूस बहुधा वरिष्ठांना फोन लावतो. लावू द्या. उत्तर लेखी घ्या, आणि मगच अंगठा किंवा सही.