ताणणाऱ्या जाळीवरची टीप



डिसेंबर उजाडला की कोल्हापुरात शाळाशाळांतून गॅदरिंगच्या तालमी सुरू होतात आणि ज्या घरात शिलाई मशीन आहे तिथं पिशव्या येऊन पडायला लागतात. पिशवीत चमकणारी लायक्रा, टिकल्यांची लेस आणि अंगाच्या रंगाची म्हणून घेतलेली ताणणारी जाळी. दुकानात तिला कुणी पॉवर नेट म्हणतं, कुणी स्ट्रेच नेट. पिशवी देणाऱ्या बाई एवढंच सांगतात, "पाठीला आणि बाह्यांना नेट लावायचंय, बाकी तुम्ही बघा." त्या 'बाकी'विषयी मला आज बोलायचं आहे. नाचता नाचता काखेतली शिवण उसवली की मुलगी पुढचं सगळं गाणं एक हात अंगाशी आवळून नाचते. टाळ्या पडतात, पण तिचं लक्ष टाळ्यांकडे नसतं. विंगेत उभं राहून मी हे पाहिलं आहे, आणि ते मला सोसत नाही.

आपला हा मुलूख सुती कापडाचा. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला. तेव्हापासून या पंचक्रोशीत मागाचा खडखडाट आहे. आपल्या आया-आज्यांचे हात मांजरपाट, पॉपलीन आणि खणावर तयार झाले. त्या कापडात उभं आणि आडवं सूत एकमेकांना घट्ट धरून असतं. टीप कुठूनही घाला, सुईखाली सूत सापडतंच. जाळी अशी नसते. ती यंत्रावर बारीक बारीक फासे एकमेकांत अडकवून तयार होते. फाशांच्या मध्ये नुसती भोकं असतात, आणि तिच्या नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या धाग्याला स्पॅन्डेक्सची जोड असते. स्पॅन्डेक्स म्हणजे ज्याला आपण लायक्रा या नावानं ओळखतो तो धागा. अमेरिकेत ड्युपाँ कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ जोसेफ शिव्हर्स यांनी तो १९५८ साली तयार केला. तो पाचपट ताणला तरी पुन्हा मूळ लांबीवर येतो. म्हणून आपण कापसावर शिकलेले निम्मे नियम इथं चालत नाहीत.

आता टीप का तुटते ते बघा. आपल्या साध्या मशीनची टीप दोन धाग्यांची. वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा कापडाच्या मधोमध एकमेकांत अडकतात. सरळ टिपेत जेवढी शिवण लांब, जवळजवळ तेवढाच दोरा आत असतो. शिल्लक काही नाही. जाळीची दहा सेंटीमीटरची पट्टी बोटांनी ताणली तर ती सहज पंधरापर्यंत जाते. मुलीनं दोन्ही हात डोक्यावर नेले, कमरेतून वळली, की काखेपासून खालची शिवण तशीच ताणते. कापड ताणतं, दोरा ताणत नाही, आणि 'कट्' असा आवाज येतो. पुष्कळ जणी मग दोरा जाड घेतात, टीप दुहेरी मारतात. त्यानं शिवण आणखी ताठ होते आणि दोऱ्याच्या ऐवजी जाळीच फाटते. दोरा तुटलेला परवडला, तो पुन्हा घालता येतो. फाटलेली जाळी सांधता येत नाही.

उपाय दोऱ्याला शिल्लक देण्याचा आहे. झिगझॅगची सोय असलेलं मशीन असेल तर रुंदी एक ते दीड मिलिमीटर आणि टाका दोन ते अडीच मिलिमीटर ठेवा. एवढा अरुंद झिगझॅग लांबून सरळ टिपेसारखाच दिसतो, पण त्यात दोरा नागमोडी बसलेला असल्यामुळं ताणायला जागा राहते. इंटरलॉकचं चार धाग्यांचं मशीन असेल तर त्याहून चांगलं. आणि घरात नुसतं काळं, सरळ टिपेचंच मशीन असेल तरीही काम अडत नाही. टाका लहान करा, वरच्या दोऱ्याचा ताण सैल करा आणि टीप घालताना जाळी पुढून-मागून सारखी, अगदी हलकी ताणून धरा. सुईच्या पुढं एक हात, मागं एक हात, आणि दोन्हींचा जोर सारखा. मागचा हात जास्त ओढू लागला तर सुई वाकते आणि टाके सुटतात. पहिल्या टिपेच्या आत तीन मिलिमीटरवर दुसरी टीप घाला. दोरा मात्र पॉलिएस्टरचाच हवा. सुती दोरा इथं कामाचा नाही.

सुईबद्दल थोडं थांबून सांगते, कारण चूक बहुतेक वेळा तिथंच असते. सुती कापडासाठी मशीनला चौदा किंवा सोळा नंबरची टोकदार सुई लावलेली असते आणि तीच वर्षभर चालते. ती जाळीचे धागे छेदते. एक फास तुटला की शेजारचा मोकळा होतो. स्ट्रेच नावानं मिळणारी, गोलसर टोकाची, अकरा नंबरची सुई आणा. पाकिटावर ७५/११ असं लिहिलेलं असतं. तिचं टोक धाग्याला बाजूला सारून आत जातं. प्रत्येक नव्या पोशाखाला नवी सुई लावा. मुलीच्या पाठीवर ज्या शिवणीचा भार आहे तिथं सुईच्या पैशांची काटकसर करू नये.

बेतण्याचं थोडक्यात सांगते. ज्या बाजूनं जाळी जास्त ताणते ती बाजू अंगाभोवती आली पाहिजे. कापड टेबलाच्या कडेवरून खाली लोंबू देऊ नका, वजनानं ते लांबतं आणि माप चुकतं. आणि खडूवर विसंबू नका: जाळीवर खडूची रेघ ओढणं म्हणजे चाळणीवर रेघ ओढणं, अर्धी खाली टेबलावरच उतरते. कागदाचा नमुना वर ठेवून त्यावर वजनं ठेवा, कडेनं कापा, आणि जिथं खुणा हव्यात तिथं वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा एक-एक टाका घाला. टाचण्या भोकांतून गळून पडतात. म्हणून दोन तुकडे जोडताना हातानं धावदोरा घालणं हेच खरं. थोडा वेळ जातो, पण पुढची कटकट वाचते.

मशीनवर बसल्यावर पहिला त्रास असा, की मशीन कापड खातं. सुई खाली जाताना जाळीचं टोक घेऊन जाते आणि प्लेटच्या भोकात गोळा होतो. यासाठी जाळीच्या आधी सुती कात्रणाचा एक तुकडा सुईखाली घाला. टीप त्या कात्रणावर सुरू करा आणि तशीच जाळीवर चालवत न्या. दोन्ही दोऱ्यांची टोकं मागं हातात धरून ठेवा. जाळीखाली पातळ टिश्यू पेपरची पट्टी ठेवली तर दात्यांना पकडायला काहीतरी मिळतं आणि चुण्या पडत नाहीत. शिवून झाल्यावर ती पट्टी हलक्या हातानं फाडून काढायची. वर्तमानपत्राची पट्टी कधी घेऊ नका, शाई जाळीला लागते आणि फिकट रंगावर ती दिसते. दाबाचा स्क्रू थोडा सैल करा. टिपेच्या शेवटी उलट टीप मारून दोऱ्याचा गठ्ठा करू नका. दोरे लांब ठेवून मागच्या बाजूला हातानं गाठ मारा.

आता नीटनेटकेपणाचं. जाळी आरपार दिसते. सुती ब्लाऊजला आपण आत दोन बोटं माया ठेवतो, पुढं उसवून मोठा करता यावा म्हणून. जाळीला दोन बोटं माया ठेवली तर ती पाठीवर काळी पट्टी होऊन दिसते. टीप घालून झाली की माया चार मिलिमीटरपर्यंत कापा किंवा इंटरलॉकमध्ये बारीक बांधून टाका. पोशाख मोठा करण्याची सोय हवी असेल तर ती लायक्राच्या भागात ठेवा. खांद्याच्या शिवणीत पारदर्शक इलॅस्टिकची पट्टी घाला. टिकल्यांचं वजन खांद्यावर येतं आणि नुसती जाळी दोन तालमींत लोंबायला लागते. गळ्याला पायपिंग करताना लायक्राची पट्टी गळ्याच्या मापापेक्षा साधारण एक अष्टमांश लहान घ्या आणि सारखी ताणत लावा. गळा अंगाला बसतो, उभा राहत नाही.

शिवण टेबलावर पसरून पाहिली की सगळ्याच शिवणी चांगल्या दिसतात. तिची पारख दोन ठिकाणी होते, हाताच्या ताणात आणि उजेडात. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं पॅलेस थिएटर, पुढं ज्याला संगीतसूर्य केशवराव भोसल्यांचं नाव मिळालं, त्या नाट्यगृहानं या शहराची नजर घडवली. केशवरावांनी स्वतः कोवळ्या वयात स्त्रीभूमिका केल्या होत्या. आनंदराव आणि बाबूराव पेंटर इथलेच. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवता रंगवता त्यांनी सिनेमाचा कॅमेरा घडवण्याचा ध्यास घेतला. अशा गावातला प्रेक्षक पोशाख तोलून बघतो. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते नाट्यगृह आगीत होरपळलं, तेव्हा ड्रेपरीवाल्यांपासून प्रकाशयोजना करणाऱ्यांपर्यंत अनेकांचे डोळे भरून आले. रंगमंचावर दिवा फक्त समोरून पडत नाही. तो बाजूनं येतो, मागूनही येतो, आणि मागून आलेल्या उजेडात जाळीची प्रत्येक शिवण रेघेसारखी उठते. म्हणून शिवून झालेला तुकडा खिडकीसमोर धरून बघा. दोऱ्याचा रंगही तसाच निवडा. रिळावर तंतोतंत जुळणारा दोरा एकेरी घातल्यावर फिका दिसतो, तेव्हा अर्धी छटा गडद घ्या.

रंगावरून एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. बाजारात 'स्किन कलर' म्हणून जी जाळी मिळते ती बहुतेक वेळा एकच, फिकट गुलाबट. आपल्या किती मुली त्या रंगाच्या आहेत? सावळ्या मुलीच्या हातावर ती बाही चढवली की लांबूनही वेगळी पट्टी दिसते, आणि मग कुणीतरी तिला हाताला पावडर लावायला सांगतं. हे थांबलं पाहिजे. लंडनची फ्रीड ही बॅलेचे बूट करणारी जुनी कंपनी. तिनं २०१८ साली 'बॅले ब्लॅक' या संस्थेबरोबर तपकिरी छटांचे बूट काढले. तोवर कृष्णवर्णीय नर्तिका गुलाबी बुटांना हातानं मेकअपचा रंग लावत असत. आपल्याला एवढं थांबायची गरज नाही. नायलॉनची जाळी चहात रंग धरते. बिनदुधाचा, बिनसाखरेचा कडक चहा गाळून कोमट होऊ द्या, आधी भिजवलेली जाळी त्यात बुडवा आणि हलवत राहा. उकळत्या पाण्यात घालू नका, स्पॅन्डेक्सचा जोर जातो. ओली असताना रंग गडद वाटतो, वाळल्यावर उतरतो, म्हणून आधी कात्रणावर करून बघा. जाळी पॉलिएस्टरची असेल तर चहा तिला चढत नाही. तेव्हा दुकानातच नायलॉन मागून घ्या आणि मुलीला सोबत न्या. तिच्या मनगटावर जाळी ठेवून रंग ठरवा.

लावणी करणाऱ्या मुलींच्या पोशाखात तर हे सगळं एकत्र येतं. खाली नऊवारीचं जड, न ताणणारं विणलेलं कापड आणि वर पाठीला जाळी लावलेला ब्लाऊज. पदराची पिन जाळीत टोचतात आणि पहिल्याच गिरकीला जाळी जाते. पिन जिथं येणार तिथं आतून लायक्राचा रुपयाएवढा तुकडा हातशिलाईनं लावून ठेवा. आणि काखेत चौबगला घाला. जुन्या सदऱ्यांना काखेत चौकोनी तुकडा असायचा, तोच. तो घातला की हात वर नेताना सगळा ताण एका टिपेवर येत नाही. नव्या पोशाखांतून तो जवळजवळ गेलाच आहे. तो परत यावा असं मला फार वाटतं.

शाळांतल्या शिक्षिकांना आणि पालकांना माझी विनंती आहे. जाळीचं काम गॅदरिंगला चार दिवस राहिले असताना आणू नका. कापड पंधरा दिवस आधी द्या आणि त्यात चाचणीच्या तुकड्यासाठी पाव मीटर जास्त धरा. शिवणाऱ्या बाईंकडून तो शिवलेला तुकडा मागून घ्या, दोन्ही हातांनी जोरात ताणून बघा. रंगीत तालमीला मुलीला पूर्ण पोशाखात उभं करा आणि नाचातली सगळ्यात अवघड हालचाल तिच्याकडून दोन-तीनदा करून घ्या, म्हणजे काही उसवायचं असेल तर ते त्या दिवशी उसवेल. आणि शिलाई ठरवताना जाळीची मजुरी साध्या ब्लाऊजच्या दरानं लावू नका. धावदोरा, टिश्यू, नवी सुई, हातानं मारलेल्या गाठी, यांत एका पोशाखाला दुपटीनं वेळ जातो. त्या वेळेचे पैसे शिवणाऱ्या बाईंना मिळालेच पाहिजेत.