ताटामागची खरी गोष्ट



हल्ली गिऱ्हाईक हॉटेलची पायरी चढण्याआधी ते मोबाइलवर पाहून येतं. फोटो बघतं, एखादी रील बघतं, खालच्या दोन ओळी वाचतं. त्या दोन ओळींत बहुतेक वेळा काय असतं? अस्सल चव, घरगुती जेवण, आजीच्या हातची आठवण. सावंतवाडीपासून गोंदियापर्यंत कुठल्याही खानावळीला हा मजकूर चालून जाईल. जो मजकूर सगळ्यांना चालतो, तो कुणाच्या लक्षात राहत नाही. लक्षात राहते ती त्याच जागेची, त्याच माणसांची गोष्ट. ती खरी असावी आणि ताटात तिचा पडताळा मिळावा, एवढंच मला आज कळकळीनं सांगायचं आहे.

मुंबईचं ताजमहाल हॉटेल घ्या. जमशेटजी टाटांना वॉटसन्स हॉटेलात प्रवेश नाकारला गेला आणि म्हणून त्यांनी ताज उभारलं, ही कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. तिच्या खरेपणाबद्दल अभ्यासकांनी शंका घेतली आहे, तरी ती सांगितली जातेच. मला वाटतं, ताजला तिची गरजच नाही. हे हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झालं. त्याच्यासमोरचं गेटवे ऑफ इंडिया १९२४ साली पुरं झालं. म्हणजे आपण आज पाहतो त्या चित्रात हॉटेल आधीचं आणि कमान नंतरची! इमारतीचा आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा या भारतीयांनी केला. पहिल्या महायुद्धात याच इमारतीत सहाशे खाटांचं रुग्णालय होतं. एवढं सगळं खरं हाताशी असताना दंतकथेच्या मागं का लागायचं?

आता बेंगळुरूला जाऊ. तिथलं मावळ्ळी टिफिन रूम्स, म्हणजे सगळ्यांच्या ओळखीचं एमटीआर, १९२४ सालचं. दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेना, तेव्हा आपल्या स्वयंपाकघरात रव्याची इडली करून पाहिली आणि ती लोकांना आवडली, असं तिथली मंडळी सांगतात. पुढं आणीबाणीत खाद्यपदार्थांचे दर सरकारनं बांधून दिले. त्या दरात आपला दर्जा राखता येईना म्हणून उपाहारगृह बंद ठेवावं लागलं आणि ही मंडळी तयार पिठांच्या पाकिटांकडे वळली. या दोन्ही गोष्टींत ‘आम्ही सर्वोत्तम’ असं कुठंही म्हटलेलं नाही. एक अडचण आली, कुणीतरी एक निर्णय घेतला, आणि त्यातून निघालेला पदार्थ आजही मागवून खाता येतो. ऐकणाऱ्याला धरून ठेवते ती अडचण. आपल्या जाहिराती मात्र नेमकी तीच लपवतात.

आपल्याकडची याहून मोठी गोष्ट मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळवाल्या बायांची आहे. कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार एकेका खोलीत दाटीवाटीनं राहत. त्यांचं जेवण चाळीतल्या बायका रांधत. पैसे पगार झाला की मिळायचे. संप झाला की पगार थांबायचा, पण माणसं जेवायला यायचीच. बायका उधारीवर वाढत राहायच्या आणि वाणसामानासाठी स्वतः सावकाराचं कर्ज काढायच्या. सामाजिक कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलं आणि त्यांना बँकेच्या कर्जाचा रस्ता खुला करून दिला. एका साध्या ताटात शहराचा केवढा इतिहास मावतो, पाहा. या गोष्टीत जेवणारा नुसतं गिऱ्हाईक नाही. रांधणारीइतकाच तोही तिच्यात आहे.

तुमची खानावळ शंभर वर्षांची नसेल. तरी चालेल. तीन प्रश्न विचारा. रांधतं कोण? माल कुठून येतो? आणि अडचण आली तेव्हा आपण काय केलं?

किनाऱ्यावरची एखादी खानावळ बारा महिने ‘ताजी मासळी’ अशी पाटी लावते. त्याऐवजी तिनं सरळ सांगावं : १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचा हा काळ असतो, म्हणून या दोन महिन्यांत आमच्याकडे खाडीची मासळी मिळेल, सुकट-बोंबील मिळतील, पापलेट मागू नका. काय मिळणार नाही हे जो स्वतःहून सांगतो, त्याच्या बाकीच्या शब्दांवर माणसं विश्वास ठेवतात. आजऱ्याकडच्या खानावळीनं नुसता ‘सुवासिक भात’ का लिहावं? आजरा घनसाळ तांदळाला भौगोलिक मानांकन आहे, ते नाव लिहावं, ज्या गावातून पोतं येतं ते गाव लिहावं. मात्र मग ताटातही घनसाळच हवा. तो संपला तर त्या दिवशी पाटी उतरवा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर ग्राहक संरक्षण कायद्यानं कारवाई होऊ शकते, हे तर आहेच. पण फसलेलं गिऱ्हाईक तक्रारही करत नाही आणि पुन्हा येतही नाही, ही शिक्षा त्याहून मोठी.

गोष्ट सांगताना ती आपल्या बोलीत सांगा. मालवणी असेल, वऱ्हाडी असेल, अहिराणी असेल. आचारी उडुपीचा किंवा ओडिशाचा असेल तर त्याला ‘आमची आजी’ या नावाखाली झाकू नका. त्याला विचारून, त्याची परवानगी घेऊन, त्याच्याच नावानं त्याचा पदार्थ पुढं आणा. सगळं एकाच रीलमध्ये कोंबू नका; एका वेळी एक पदार्थ, एक माणूस, एक हंगाम. आणि जे मोबाइलवर लिहिलं, ते वाढप्याला माहीत असू द्या. गिऱ्हाईकानं ताटावर बसून विचारलं आणि वाढपी गोंधळला, की सगळी मेहनत वाया जाते.

म्हणून जाहिरात करणाऱ्याला बोलावण्याआधी आपल्या आचाऱ्याजवळ बसा, भाजीवाल्याशी बोला, जुन्या गिऱ्हाइकाला विचारा. जे खरं निघेल तेवढंच लिहा, आणि जे लिहाल ते रोजच्या ताटात पाळा. हे ज्याला जमलं, त्याची गोष्ट गिऱ्हाईकच चार जणांना सांगेल.