आधी खर्ज, मग गाणं



मघाशी वाजलेलं स्वागतगीत मी घरीच रेकॉर्ड केलं. दिवसभर मीटिंगमध्ये बोलून, एसीतून उठून थेट अंतरा गायला घेतला. तार षड्जावर आवाज चिरकला. चार टेक वाया गेले. वाटलं, वय झालं. दुसऱ्या कुणाला तरी सांगावं.

तेव्हा आपल्या गाण्याच्या बाई आठवल्या. स्नेहसंमेलनाआधी त्या दहा मिनिटं नुसते खालचे स्वर लावून घ्यायच्या आणि आम्ही ‘भोंगा वाजला’ म्हणून हसायचो. आता इंजिनिअरच्या डोक्याने हिशेब केला. काळी चारच्या माझ्या षड्जाला स्वरतंतू सेकंदाला सुमारे २०८ वेळा कंपतात, तार षड्जाला त्याच्या दुप्पट. तयारीशिवाय गळ्याकडे हे मागायचं तरी कसं?

कोमट पाणी प्यायले. ओठ मिटून गुणगुणले. मंद्रात जमेल तितकं खाली जाऊन एकेक स्वर ठेवला, मग सावकाश वर आले. पंधरा मिनिटांनी पहिल्याच टेकमध्ये गाणं झालं. आवाज वयाने नव्हे, घाईने बिघडला होता.

बाई, तुम्ही समोरच बसला आहात. त्या हसण्याबद्दल आज माफी मागते.